ज्याला येत नाही, त्याच्या हातात खडू

“घेऊन टाक रे तिला. कोट्यातली आहे, पण इंग्लिश फाडफाड आहे. प्रेझेंटेशनला कामी येईल.”

“आणि मशीनचं काम?”

“मशीनला कोण हात लावू देतंय तिला!”

मग हसणं. तिघांचं.

मी वर्कशॉपच्या दाराबाहेर अ‍ॅप्रनची नाडी बांधत उभी होते. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, मेकॅनिकल शाखा. प्रोजेक्टसाठी चौघाचौघांचे ग्रुप करायचे होते. आत हर्षवर्धन होता आणि त्याचे दोन मित्र. दार सताड उघडं होतं. ज्यांना कुणाची भीती नसते ते बोलण्याआधी दार लावत नाहीत.

मी आत गेले. हर्षवर्धननं चेहरा बदलायचीही तसदी घेतली नाही. तेच हसू तसंच ठेवून म्हणाला, “तुझंच नाव निघालं होतं. येतेस का आमच्या ग्रुपमध्ये?”

“येस, शुअर,” मी म्हणाले.

उच्चार अगदी स्वच्छ. त्यासाठीच तर शाळेत घातलं होतं मला.

माझे पप्पा वाळूजला एका कंपनीत मशीन चालवतात. बाहेरचे पाहुणे कंपनी बघायला आले की साहेब पप्पांना म्हणतात, “जरा मागं हो.” मग मशीनपुढं साहेब उभा राहतो आणि इंग्रजीत माहिती सांगतो. पप्पा भिंतीला टेकून ऐकतात. हे ते घरी हसत हसत सांगायचे. आई हसायची नाही. पप्पांनी त्यातून एवढंच काढलं, की पोरीला इंग्रजी आलं तर तिला कुणी मागं हो म्हणणार नाही. म्हणून उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून मी टाय लावून शाळेत जायचे.

आमचे आजोबा मेंढरं राखायचे. वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन बाहेर. हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. ज्यांना आडनावावरून कळायचं त्यांना कळायचंच. मी कमी बोलायला शिकले आणि जे बोलायचं ते बिनचूक बोलायला शिकले. वर्गात कधी प्रश्न विचारला नाही. शिक्षिका आईला सांगायच्या, “फार गुणी मुलगी. तिचा आवाजच नसतो.” आई ते कौतुक म्हणून घरी घेऊन यायची.

तर मी हर्षवर्धनच्या ग्रुपमध्ये गेले. आम्हाला मोसंबी आकारानं वेगळी करणारं मशीन बनवायचं होतं. तसं सोपं आहे ते. दोन लांब रोलर शेजारी शेजारी, उतारावर. वरच्या टोकाला दोघांत फट कमी, खालच्या टोकाला जास्त. मोसंबी वरून सोडायची. लहान असेल ती आधी खाली पडते, मोठी पुढं जाऊन पडते. खाली वेगवेगळे ट्रे.

हे मी आता सांगू शकते. तेव्हा मला एवढंही धड माहीत नव्हतं. मी पाना उचलला की कुणीतरी तो हातातून काढून घ्यायचं. “अगं राहू दे, ऑइल लागेल.” “तू कशाला? तू स्लाइड बघ ना.” फार प्रेमानं. मी स्लाइड बघायचे. रंग, अक्षरं, बाण. मशीन बनत होतं असं ते म्हणत. कुठं? तर हर्षवर्धनच्या काकांच्या शेंद्र्याच्या कारखान्यात. ते तिघं गाडीनं तिथं जायचे, कामगारांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे आणि मला पाठवायचे. मी ते फोटो स्लाइडवर लावायचे. खाली लिहायचे, “अवर टीम अ‍ॅट वर्क.” टीम! कामगार करणार, काका पैसे भरणार, मी बोलणार आणि नाव हर्षवर्धनचं होणार. याला आमच्या कॉलेजात टीमवर्क म्हणतात आणि त्यावर भाषणंही देतात.

पहिल्या परीक्षणाला बाहेरचे परीक्षक आले. मी पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले. परीक्षक खूश दिसले. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला.

“हे दोन रोलर कोणत्या बाजूनं फिरतात? आत की बाहेर? आणि का?”

मी स्लाइडकडं पाहिलं. स्लाइडवर बाण होते. मीच काढलेले, दिसायला छान. ते कोणत्या बाजूला असायला हवेत हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

हर्षवर्धन पुढं आला. मला वाटलं, आता हा उत्तर देईल. तो म्हणाला, “सर, शी इज ओन्ली फॉर प्रेझेंटेशन.”

“अच्छा, अच्छा. म्हणजे डेकोरेशन,” परीक्षक म्हणाले. हॉल हसला. मागच्या बाकांवरच्या मुलीही हसल्या. तो प्रश्न तिथंच राहिला. हर्षवर्धनला तो कुणी विचारला नाही. त्याला येत असणारच, हे सगळे धरून चालले होते.

परीक्षक गेल्यावर आमच्या प्रोजेक्टचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, सवलतीनं आत येता येतं. पुढं डोकं लागतं.”

मी म्हणाले, “सॉरी सर.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं जाऊन ग्रुप बदलून मागितला. धाडस वगैरे नव्हतं ते. त्या टेबलाशी परत उभं राहायचं नव्हतं, इतकंच. सरांनी मान वर न करता सांगितलं, “मग जा उरलेल्यांत. तिथं तिघंच आहेत. विषयही हाच करा. नवा शोधायला आता वेळ नाही. छोटं मॉडेल केलं तरी चालेल. तुमच्याकडून कोण काय अपेक्षा करतंय!”

उरलेले. हे सरांचंच नाव. ज्यांना कुणी निवडलं नाही त्यांचा ग्रुप. त्यात करमाडची ज्योती होती, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, सगळं शिक्षण मराठीत. जुन्या शहरातली नसरीन, दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. आणि होस्टेलचा गणेश, जो इंग्रजी पुस्तक उघडलं की चष्मा पुसायला घ्यायचा. बसायची जागा म्हणजे कॅन्टीनचं जुनं शेड. कॅन्टीन नव्या इमारतीत गेल्यावर ते रिकामंच पडलं होतं. एका भिंतीला काळा रंग होता, पदार्थांची नावं लिहायला. कोपऱ्यात ‘आज मिसळ नाही’ असं अजून पुसट दिसायचं.

पहिल्याच दिवशी ज्योतीनं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती मोकळेपणानं म्हणाली, “मग आमच्यातलीच की गं तू! माझा चुलता अजून मेंढरं राखतो.” सगळ्यांसमोर. मोठ्यानं. मी आखडले. इकडं तिकडं पाहिलं. कुणी हसलं नाही. नसरीन डबा उघडत होती. गणेशनं विचारलं, “लोणचं आहे का?”

ज्योतीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. जालना रोडवर स्कूटीवरून पडली होती. आमच्यात मशीनचं गणित नीट समजायचं ते तिलाच, आणि तिलाच लिहिता येत नव्हतं. म्हणून ती म्हणाली, “मी सांगते, तू काढ.” मी खडू घेतला. ती बोलत गेली, मी भिंतीवर उतरवत गेले. आकृत्या, सूत्रं, सगळं. अक्षर टाइप केल्यासारखं.

ज्योती मागं सरकून बघत राहिली. “लई भारी,” ती म्हणाली. “आता मला सांग, मी काय म्हणले?”

मी भिंतीकडं पाहिलं.

“तू लिहायलीस का छापायलीस?”

मी एक बाण उगाच परत गिरवला. हाच तो हॉल परत, असं वाटलं. आता ही हसणार.

“नाय समजलं ना? मग म्हण की नाय समजलं. त्यात काय एवढं? मलाबी पहिल्यांदा नव्हतं समजलं. पूस ते सगळं.”

मी पुसलं. आणि पहिल्यांदा, शाळा धरून पहिल्यांदा, लोकांसमोर म्हणाले, “मला नाही समजलं.”

“हौ, मेरेकू भी नै समझा,” नसरीन लगेच म्हणाली. “मैं तो वैसेइच मुंडी हिला री थी.”

गणेश म्हणाला, “मी तर आधीपासूनच चष्मा पुसतोय.”

तिथं हसणं झालं. पण ते वेगळं होतं. त्यात मी होते.

हे तीन शब्द आम्हाला का बोलता येत नव्हते, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. हर्षवर्धन वर्गात खुशाल हात वर करून म्हणायचा, “सर, डोक्यावरून गेलं.” सर हसायचे, परत समजावायचे. त्याचं न येणं हे त्याच्या एकट्याचं असतं. त्या दिवसापुरतं. मी तेच म्हणाले असते तर ते माझ्या आडनावाला चिकटलं असतं, माझ्या सीटला, आजोबांच्या मेंढरांना. बघा, आम्ही म्हणत नव्हतो! म्हणून आम्ही माना हलवतो. समजलं, सर. येस, सर. आणि न समजलेलं तसंच साठत जातं. मग तेच लोक येऊन सांगतात, यांना काही येत नाही. आधी विचारायची सोय ठेवायची नाही आणि मग विचारलं नाही म्हणून हिणवायचं. अशा हुशारीला चार वर्षं मीही हुशारी समजत होते, याची आता किळस येते.

प्लास्टर निघालं, पण ती पद्धत आम्ही सोडली नाही. ती आमची रीतच झाली. ज्याला येत नाही, त्याच्या हातात खडू. ज्याला येतं त्यानं हात पाठीमागं बांधायचे. त्यानं फक्त विचारायचं. भिंतीला हात लावायचा नाही. आणि न समजलेलं समजलं म्हणायचं नाही. एवढंच. मी इंग्रजी पुस्तकातली लांबलचक वाक्यं तोडून सांगायचे. तिथं गणेश भिंतीशी आणि माझे हात मागं. त्याला उत्तर सांगून मोकळं व्हावं असं इतकं वाटायचं, की मी स्वतःचं मनगट घट्ट धरून ठेवायचे. मग मशीनची पाळी आली की मी पुढं आणि ज्योती हात बांधून उभी.

आमचं पत्र्याचं छोटं मॉडेल उभं राहिलं तेव्हा मोटरला पट्टे चढवायचं काम म्हणूनच माझ्याकडं आलं. मला येत नव्हतं ना! पहिल्यांदा हाताला ऑइल लागलं. मी पट्टे चढवले, बटण दाबलं. नसरीननं वरून मोसंबी सोडली. ती दोन रोलरच्या मधे आली आणि आत ओढली गेली. चिरडली. रसाची चिळकांडी थेट गणेशच्या चष्म्यावर.

ज्योती म्हणाली, “मशीन कुठलं, रसवंती काढली हिनं!”

“बरफ लाऊं क्या?” नसरीन म्हणाली.

पाना माझ्या हातातून कुणी काढून घेतला नाही. ज्योतीला कारण माहीत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तिचे हात मागं होते. तिनं फक्त विचारलं, “आत का गेली ती?”

मी पाण्याच्या दोन बाटल्या आडव्या धरल्या. मधे मोसंबी ठेवली. बाटल्या आतल्या बाजूला फिरवल्या, मोसंबी खाली खेचली गेली. बाहेरच्या बाजूला फिरवल्या, ती वर उचलल्यासारखी झाली, बाटल्यांवर तरंगत राहिली. परत आत. परत बाहेर. मग मी एकदम मोठ्यानं बोलले. आजूबाजूला कोण आहे हे न बघता. “बाहेर! दोन्ही रोलर बाहेरच्या बाजूला फिरायला पाहिजेत. नाहीतर फळ चिमटीत सापडतं!”

परीक्षकांचा तो प्रश्न. माझा प्रश्न. त्याचं उत्तर आता माझ्या मनगटांत होतं.

शेडवरून जाताना हर्षवर्धनचे मित्र ओरडायचे, “कळप बसला रे!” एकदा त्यानं स्वतः मेंढीसारखा आवाज काढला. इंजिनिअर होणारा माणूस, जिम करणारा, मोठ्या गाडीतून येणारा, तो भर दुपारी कॉलेजच्या रस्त्यात ‘बें’ करत होता. मी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते तो हा होता. बस. एवढाच.

मग सरांनी मला बोलावलं. काही कंपन्यांचे लोक प्रोजेक्ट बघायला येणार होते. आवडलेल्या ग्रुपमधल्या मुलांना ते पुढं कामावर घेणार होते.

“हॉलमध्ये हर्षवर्धनचं मशीन ठेवतोय,” सर म्हणाले. “स्टीलचं आहे, बरं दिसतं. बोलणार तू.”

“सर, मी त्या ग्रुपमध्ये नाही आता.”

“पाहुण्यांना काय माहीत? कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न आहे. एवढं चांगलं इंग्लिश आहे तुझं, वापर की कुठंतरी.”

“आणि आमचं मशीन?”

“ते पत्र्याचं? मागच्या व्हरांड्यात राहू दे, पोतं टाकून. मार्क देतो ना मी. टर्मवर्क माझ्याच हातात आहे, विसरू नको.”

शेडमध्ये येऊन मी तसंच्या तसं सांगितलं. गणेशनं समोरची वही मिटली. मग म्हणाला, “बोलून टाक तू. मार्क गेले तर चौघांचे जातील. माझ्या घरी काय सांगू मी?” तो खोटं बोलत नव्हता. नसरीन उसळली. “नक्को! कायकू बोलना उनका? अपनी मशीन कू बोरे के नीचे डालते और उनकी कू हार?”

मी ज्योतीकडं पाहिलं. ती म्हणाली, “मी नाय सांगणार. तुझं तू ठरव. पण आपलं एकच ठरलंय. न समजलेलं समजलं म्हणायचं नाय. त्यांचं मशीन समजलंय म्हणून तिथं उभी राहणार असशील, तर या भिंतीपुढं परत कशी येशील, ते बघ.”

मी गणेशला विचारलं, “मार्क गेले तर?” त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “व्हायचं ते होईल,” तो म्हणाला.

पाहुणे आले त्या दिवशी हॉलमध्ये गालिचा होता. पाहुणे पहिल्या रांगेत. स्टीलचं मशीन चकचकत होतं, त्याला खरंच हार घातला होता. मागं पडद्यावर स्लाइड, बाजूला फळा. माझ्याच जुन्या. तेच बाण. आणि ते चुकीच्या बाजूला होते, आत. इतके महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ग्रुपमधल्या एकाच्याही नाही.

हर्षवर्धन माझ्या कानाशी पुटपुटला, “घाबरू नको. पाठ केलंयस तेवढं बोल. कुणी काही विचारलं तर गोड हस.”

मागच्या दारात ज्योती, नसरीन आणि गणेश उभे होते. ज्योतीचे हात पाठीमागं होते.

सर म्हणाले, “स्टार्ट.”

मी रिमोट टेबलावर ठेवला. कुर्त्याच्या खिशात शेडमधला खडू होता. तो बाहेर काढला. आवाज कापणार हे माहीत होतं. कापू दे. इंग्रजी तोंडाशी तयार होतं, सवयीनं. मी ते गिळलं. जे बोलले ते मराठीत बोलले, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

“सर, हे मशीन मी बनवलेलं नाही. हर्षवर्धनच्या ग्रुपनंही बनवलेलं नाही. ज्यांनी बनवलं ते आत्ता शेंद्र्याला कामावर आहेत. मी बनवलेलं मशीन मागच्या व्हरांड्यात पोत्याखाली झाकून ठेवलंय. त्याच्याबद्दल आम्ही चौघं बोलू. काहीही विचारा. जे येत नसेल ते येत नाही म्हणून सांगू. पण दुसऱ्याच्या मशीनपुढं मी आजपासून उभी राहणार नाही आणि माझ्या मशीनपासून मागं होणार नाही. मार्क कापायचे तर कापा. आमच्यात एक रीत आहे, ज्याला येत नाही, त्याच्या हातात खडू. हर्षवर्धन, हा धर. रोलर कोणत्या बाजूनं फिरतात आणि का, ते फळ्यावर काढून दाखव.”